मोठ्या नदीत माशांच्या विणीच्या जागा शोधण्याचं काम: नवीन येणाऱ्यांसाठी माझा अनुभव

धोक्यात असलेल्या नदीतल्या माशांवर काम करायचंय, काय शिकू, कुठून सुरू करू असं बरेच जण विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय. मी तीन सीझन स्टर्जन या मोठ्या माशाच्या विणीच्या, म्हणजे अंडी घालण्याच्या, जागा शोधल्या. नदीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, त्याचं कारण शेवटी येईल.

पहिल्या सीझनला आम्हाला एकही अंडं मिळालं नाही. आमची पद्धत साधी होती. लोखंडी चौकटीवर एअर फिल्टरला असते तसली जाड तंतूंची मॅट बसवायची, दोर आणि बोया बांधून ती नदीच्या तळाशी सोडायची, आणि दर दोन-तीन दिवसांनी वर ओढून इंच न् इंच तपासायची. स्टर्जनची अंडी चिकट असतात, वाहत येऊन मॅटला चिकटतात. चूक माझीच होती, मी मॅट टाकल्या त्या बोट नीट उभी राहते अशा संथ जागी, आणि हा मासा वीण करतो जोराच्या धारेत, जिथे पाणी सेकंदाला मीटरभर किंवा त्याहून जास्त वेगाने पळतंय आणि तळाला गोटे आणि रेव आहे. दुसऱ्या वर्षी आधी साइड-स्कॅन सोनारने (आवाजाच्या लहरींनी तळाचं चित्र काढणारं यंत्र) अख्ख्या पट्ट्याचा तळ बघितला, वाळू कुठे, खडक कुठे, गोटे कुठे याचा नकाशा केला आणि मगच मॅट टाकल्या. नवीन लोकांनी हे आधी करा, माझ्यासारखं वर्ष घालवू नका.

पहिलं अंडं सापडलं तो दिवस अजून डोळ्यासमोर आहे. मोहरीपेक्षा मोठं, मिऱ्यापेक्षा लहान, करडं-काळं, आणि त्याला वाळूचे बारीक कण चिकटलेले, त्यामुळे आधी मी खडा समजून बाजूलाच काढत होते. भिंगाखाली धरल्यावर कळलं. अंड्याची वाढ कुठवर आलीय ते बघायचं, आणि पाण्याचं तापमान माहीत असेल तर मागे मोजत जाऊन ते साधारण कधी घातलं गेलं ते काढता येतं, मग त्या वेळी पाणी किती होतं, धरणातून किती सोडलं होतं हे ताडून बघता येतं. यासाठी तापमानाचा लॉगर, म्हणजे पाण्यात ठेवून आपोआप नोंदी घेणारं छोटं यंत्र, सलग चालू असायला हवा. माझा एक लॉगर पुरात वाहून गेला, दुसरा लावलेलाच नव्हता, आणि त्या नऊ दिवसांतल्या अंड्यांबद्दल मला काहीच सांगता आलं नाही. दोन लॉगर लावा, वेगवेगळ्या ठिकाणी बांधा. आणि नमुने अल्कोहोलमध्ये ठेवा, फॉर्मलिनमध्ये नको, कारण दुसऱ्या माशांची अंडीही मॅटवर येतात आणि जात पक्की करायला डीएनए लागतो, तो फॉर्मलिनमध्ये खराब होतो. धोक्यातल्या माशाचं अंडं उचलायलासुद्धा परवानगी लागते, तिला महिने लागतात, अर्ज सीझनच्या खूप आधी टाका.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. अंडी सापडली म्हणजे विणीची चांगली जागा सापडली असं नाही. अमेरिकेतल्या कूटेनाई नदीतल्या व्हाइट स्टर्जनचं बघा, १९७२ पासून लिबी धरणामुळे नदीचं वेळापत्रकच बदललं, वसंतातला मोठा लोंढा आटला, मासे आजही येतात, अंडी घालतात, पण ती पडतात वाळू आणि चिकणमातीवर आणि तिथेच गुदमरतात. पिल्लं जवळजवळ वाढतच नाहीत, १९९४ ला हा मासा तिकडे संकटग्रस्त यादीत गेला, सध्या हॅचरीच्या, म्हणजे केंद्रात वाढवून नदीत सोडलेल्या, पिल्लांवर संख्या टिकून आहे. नुसती अंडी मोजून रिपोर्ट दिला असता तर सगळं ठीक चाललंय असंच वाटलं असतं ना! म्हणून गोट्यांच्या मधल्या फटी मोकळ्या आहेत का, का गाळाने बुजल्यात, हे हात घालून बघा.

आणि नजर खालच्या अंगालाही हवी. अमेरिकेतल्याच मिसुरी नदीतल्या पॅलिड स्टर्जनची पिल्लं अंड्यातून निघाली की शेकडो किलोमीटर प्रवाहाबरोबर वाहत जातात, पुढे धरणाचा जलाशय आला की त्याच्या तोंडाशी गाळाजवळच्या पाण्यात ऑक्सिजनच नसतो आणि ती मरतात. म्हणजे विणीची जागा एका ठिपक्याएवढी नसते, अंडं पडतं तिथपासून पिल्लू पोहायला लागतं तिथपर्यंतची सगळी नदी त्यात येते. चीनमधल्या यांगत्से नदीत गेझौबा धरणाने १९८१ ला वरची वाट बंद केली, चायनीज स्टर्जन धरणाच्या खाली वीण करायला लागला, मग थ्री गॉर्जेस धरणामुळे शरदात पाणी जास्त दिवस कोमट राहायला लागलं आणि वीण ऑक्टोबरवरून नोव्हेंबरवर सरकली, २०१३ ला तर नैसर्गिक वीण दिसलीच नाही. त्याच नदीतला पॅडलफिश हा दुसरा मोठा मासा आता नाहीच, २०२२ ला तो नामशेष जाहीर झाला. हे वाचताना मला दरवेळी गलबलून येतं.

प्रत्येक माशाचं वेगळं असतं हेही लक्षात ठेवा, ऑस्ट्रेलियातला मरे कॉड पोकळ ओंडक्यात अंडी घालतो आणि नर राखण करतो, तिकडे बोटींसाठी नदीतले ओंडके काढले आणि आता तेच परत टाकतायत. स्टर्जनची पद्धत घेऊन तिथे गेलात तर काहीच हाती लागणार नाही.

नोंदींचं एक सांगते. जिथे अंडी मिळाली नाहीत तिथलीही खोली, वेग, तळ लिहा, मॅट किती तास पाण्यात होती तेही लिहा. नाहीतर माशाने ही जागा निवडली असं म्हणताच येत नाही, कारण त्याच्यापुढे बाकी काय होतं ते तुम्ही मोजलेलंच नसतं. माझ्या पहिल्या सीझनचे शून्य पुढे याच कारणाने कामी आले, संथ पाण्यात अंडी नाहीत हे दाखवायला दुसरा कुठलाच डेटा नव्हता.

शिकायचं म्हटलं तर क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर), आर (आकडेवारीसाठीची प्रोग्रामिंग भाषा), आणि बोट चालवणं, लाइफ जॅकेटशिवाय पाय टाकायचा नाही. याशिवाय पाण्याचे इंजिनिअर काय बोलतात ते समजेल एवढं हायड्रॉलिक्स, म्हणजे पाण्याच्या प्रवाहाचं शास्त्र, शिका, कारण धरणातून पाणी कधी आणि किती सोडायचं ते त्यांच्या मीटिंगमध्ये ठरतं आणि तिथे माशाची बाजू मांडणारं कोणीतरी पाहिजे.

आणि नदीचं नाव का नाही, तर स्टर्जन विणीला येतो तेव्हा माद्यांच्या पोटात कॅव्हिअर, म्हणजे महागात विकली जाणारी अंडी, असतं, आणि चोरटी मासेमारी करणाऱ्यांना नेमकी तीच जागा हवी असते. जीपीएसचे आकडे टीमबाहेर देऊ नका, फोटोचं लोकेशन बंद ठेवा, आणि फोटोत मागे पूल, कडा, टॉवर असं ओळखीचं काही दिसत असेल तर तो फोटो कोणालाही पाठवू नका, अगदी मित्रालाही.