मंडईची सकाळ जलरंगात: आधी सावली, मग भाजी

पुण्याच्या महात्मा फुले मंडईचं चित्र बहुतेक वेळा भाजी मोजत बसल्यामुळे फसतं. वांगी, टोमॅटो, कोथिंबिरीच्या जुड्या एकेक करून रंगवल्या की शाळेतला तक्ता होतो, बाजार होत नाही. इम्प्रेशनिस्ट, म्हणजे तपशिलापेक्षा त्या क्षणाचा उजेड टिपणाऱ्या पद्धतीत आधी ऊन-सावली पकडायची.

सकाळी आठच्या तिरप्या उन्हात बसा. 300 जीएसएमचा (जाड) कोल्डप्रेस, म्हणजे किंचित खरखरीत कॉटन कागद, 11 x 15 इंच. 12 नंबरचा गोल ब्रश आणि एक रिगर (लांब केसांचा बारीक ब्रश) पुरे. 1886 सालच्या इमारतीचा अष्टकोनी मनोरा फक्त बाह्यरेषेत घ्या, खिडक्या नकोत. मग डोळ्यांच्या पातळीची आडवी रेष मारा. खाली बसून काढताना ती उभ्या माणसांच्या कमरेच्या आसपास येते, आणि जवळच्या-लांबच्या सगळ्यांना त्याच जागी छेदते. ती चुकली की माणसं हवेत तरंगतात. डोकं उंचीच्या सातव्या हिश्श्याहून मोठं करू नका.

पहिला हात पातळ यलो ऑकरचा (मातकट पिवळा), वरपासून खालपर्यंत सलग. गांधी टोपी, ताडपत्रीची उन्हातली कडा, पाणी मारलेल्या पालेभाजीवरची चमक आणि मुळ्याचं उन्हातलं टोक कोरं सोडा. पूर्ण वाळू द्या.

आता खरं काम. अल्ट्रामरीनमध्ये (गडद निळा) थोडं बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), ताकाइतकं दाट. छपराखालचा अंधार, पाट्यांखालची आणि बसलेल्या मावशींमागची सावली एकाच आकारात जोडून टाका. तुकडे ठेवलेत तर चित्र विस्कटतं. काळी ट्यूब उघडूच नका, सावलीतला उजेड मरतो.

निळ्या ताडपत्रीखाली नीट बघा. पांढरा मुळा तिथे निळसर असतो, टोमॅटो जांभळट. फटीतून ऊन पडतं तेवढंच मुळ्याचं टोक पांढरंशुभ्र. म्हणून मुळ्यावर पातळ कोबाल्ट निळा फिरवा, टोक कोरं ठेवा. टोमॅटोसाठी सावली ओली असतानाच कॅडमियम रेडचे दोन-तीन दाट थेंब सोडा. कडा आपोआप विरघळतात आणि ढीग दिसू लागतो. एवढ्यासाठीच हा खटाटोप!

अर्धवट वाळलेल्या रंगात पाण्याचा ब्रश लावला तर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग उठतात, कारण नवं पाणी रंगाचे कण कडेला ढकलतं. बोटांची मागची बाजू कागदाला टेकवा. गार लागला तर तो अजून ओला आहे. पावसाळ्यात दुप्पट वेळ धरा. त्याच जागी तिसऱ्यांदा हात फिरवाल तर खालचा थर उठून चिखल होतो.

शेवटी रिगरने ताडपत्रीच्या तीन-चार दोऱ्या ओढा आणि ब्रश धुवून ठेवा.