नवे ब्रेक पॅड टाकूनही चाक तापत होतं, दोष निघाला स्लाइड पिनचा

पुढच्या डाव्या चाकाचे पॅड घरीच बदलले, तरी दहा किलोमीटरनंतर रिमला हात लावता येईना, जळका वास यायचा. पॅड काढून परत बसवले, डिस्क साफ केली, ब्रेक ऑइल बदललं. दोन रविवार गेले, अगदी जेरीस आलो.

खूण जुन्या पॅडवरच होती. आतला पत्र्यापर्यंत झिजलेला, बाहेरचा अर्धा शिल्लक. म्हणजे कॅलिपर (दोन्ही पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ज्या स्लाइड पिनांवर मागेपुढे सरकतो, त्यांवर सरकतच नव्हता, आणि आतलाच पॅड घासत राहिला.

मग केलं ते असं. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दगड लावले, नट जमिनीवरच सैल केले, गाडी उचलून स्टँडवर घेतली (नुसत्या जॅकवर हात घालू नका). कॅलिपर सोडून तारेने टांगला, कारण होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) वजन पडता कामा नये. खालची पिन पिळून पिळून बाहेर आली. तांबूस गंज, वाळून डिंक झालेलं ग्रीस. ब्रेक क्लीनरने पिन आणि तिचं भोक पुसून सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावलं. साधं ग्रीस नको, पिनवरचं रबरी आवरण (बूट) फुगतं. पिन बोटाने सरकायला लागली.

ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडून, जुना पॅड मध्ये ठेवून सी-क्लॅम्पने (स्क्रूच्या शिकंजाने) कॅलिपरमधला पॅड ढकलणारा पिस्टन हळूहळू आत दाबला. पॅड बसवले, बोल्ट मॅन्युअलप्रमाणे आवळले, चाक चढवलं, झाकण लावलं. गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप केलं. हे विसरलात तर पहिला ब्रेक लागतच नाही.

आता दोन्ही रिम सारखेच कोमट.