मल्टिमीटर काढण्याआधी कार्पेटखाली हात घाला: जुन्या आलिशान एसयूव्हीची पावसाळ्याआधीची तयारी

हे काम मे महिन्यातच उरका. जूनवर ढकललं तर सीट अंगणात, कार्पेट गच्चीवर आणि वरून सरी, अशी अवस्था होते. गाडी बारा-पंधरा वर्षांची असेल, सनरूफवाली असेल, खिडकीपासून गिअरबॉक्सपर्यंत प्रत्येक गोष्टीला वेगळं कंट्रोल युनिट, म्हणजे छोटा कॉम्प्युटर, असेल, तर दोन शनिवार-रविवार मोकळे ठेवा. एका दिवसात होत नाही.

गेल्या वर्षी मी हे सगळं उलट्या क्रमाने केलं. आधी गिअरबॉक्सचा इशारा लागला, मग एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं अडकू न देणारी यंत्रणा), मग बंद दार उघडं असल्याचा. सकाळी बॅटरी बसलेली. मी बॅटरी बदलली. मग अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र, उतरवून दुरुस्त करून आणला. मग एक सेन्सर बदलला. प्रत्येक खर्चानंतर आठ-दहा दिवस गाडी नीट चालायची आणि मला वाटायचं, सापडलं. ते दिवस कोरडे होते, एवढंच खरं होतं. जुलैत ताम्हिणी घाटात, समोरचं दिसू नये अशा पावसात, गाडी एकाच गिअरमध्ये अडकली आणि वायपर थांबले. मागच्या सीटवर आई आणि दोन मुलं होती. टोइंगची गाडी यायला चार तास लागले. ते चार तास मी विसरलेलो नाही.

घरी आल्यावर कार्पेट उचललं. डावीकडे, पुढे बसणाऱ्याच्या पायाखालचा फोम पाण्याने भरलेला होता आणि गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट त्या पाण्यात बसलं होतं. वरून कार्पेट कोरडं होतं. त्याच कार्पेटवर गुडघे टेकून मी तीन वेळा फ्यूज तपासले होते.

म्हणून पहिलं काम हे. पुढच्या दोन्ही दारांच्या उंबरठ्याची प्लास्टिकची पट्टी काढा, कार्पेटची कड उचला आणि खालच्या फोममध्ये चार बोटं खुपसून दाबा. मागच्या सीटच्या पायाशीही तेच, आणि डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यातही. आवाज अडवण्यासाठी महागड्या गाड्यांत हा फोम जाड असतो आणि कार्पेटला खालून रबरासारखा थर असतो, त्यामुळे पाणी वर येतच नाही. नुसता वरून तळवा फिरवून ‘कोरडं आहे’ म्हणू नका. सकाळी काचा आतून धूसर होत असतील किंवा एसी लावताच ओलसर कुबट वास येत असेल तर बोटं घालण्याआधीच उत्तर मिळालं.

पाणी सापडलं तर ते कुठलं ते ठरवा. पाऊस नसताना, एसी चालवल्यावर साचत असेल तर एसीची पाणी सोडणारी नळी तुंबली आहे. गोडसर वास आणि बोटांना बुळबुळीत लागत असेल तर ते कूलंट, म्हणजे हीटरचा रेडिएटर गळतोय; ते काम गॅरेजचं. पाऊस पडल्यावर किंवा गाडी धुतल्यावर साचत असेल तर सनरूफच्या नळ्या नाहीतर वायपरखालचा खड्डा. काचेच्या खाली जी प्लास्टिकची जाळी असते ती काढा आणि खालची निचऱ्याची भोकं साफ करा. गुलमोहराखाली गाडी लावत असाल तर तिथे काय सापडेल हे सांगायला नको. ती बारीक पानं भिजून लगदा होतो आणि बूच बसल्यासारखं होतं.

सनरूफ पूर्ण पाणबंद असतं असं मला पंधरा वर्षं वाटत होतं. तसं नसतं. काचेच्या कडेने थोडं पाणी आत येणारच, असं धरूनच खाली पन्हळ केलेली असते आणि तिच्या कोपऱ्यांतून नळ्या खाली जातात. बहुतेक गाड्यांत चार: पुढच्या दोन समोरच्या काचेच्या खांबांतून, मागच्या दोन डिकीकडे. सनरूफ उघडा, कोपऱ्यात कपभर पाणी हळूहळू ओता आणि दुसऱ्या माणसाला खाली बघायला सांगा. धार सुटली पाहिजे. थेंब थेंब येत असेल तर नळी अर्धी बंद आहे. गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी वरून हलक्या हाताने सरकवा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. आत नळीचा जोड निसटतो, मग सगळं पाणी खांबातून थेट कार्पेटखाली जातं आणि पूर्ण छत उतरवावं लागतं. घाईत कोणी ‘हवा मारून देतो’ म्हणालं तर हात धरा.

आता सामान. मल्टिमीटर (व्होल्टेज आणि करंट मोजायचा मीटर), डोक्याला बांधायचा टॉर्च, सॉकेट सेट, प्लास्टिकच्या पट्ट्या उचलायच्या प्लास्टिकच्याच पट्ट्या, कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेचे जोड साफ करायचा स्प्रे), बॅटरी चार्जर, वही. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला बरंच काही मिळतं. पाणी उडवणारा साधा तेलकट स्प्रे कनेक्टरमध्ये मारू नका. त्याचा थर राहतो आणि धूळ धरतो. प्रत्येक फ्यूजबॉक्सचा फोटो काढा. असे बॉक्स दोन-तीन असतात: बॉनेटखाली, डॅशबोर्डच्या बाजूला, कधी डिकीत. फ्यूज उडाला तर त्याच आकड्याचा घाला: 10 लाल, 15 निळा, 20 पिवळा, 30 हिरवा. मोठा घातला तर फ्यूज वाचतो आणि वायर जळते.

बॅटरी. ती बॉनेटखाली असेलच असं नाही. बीएमडब्ल्यूच्या एक्स 5 मध्ये डिकीच्या तळाशी असते, जुन्या मर्सिडीझ एमएलमध्ये पुढच्या सीटखाली. म्हणजे तुमची बॅटरीही त्याच ओल्या फोमच्या शेजारी बसलेली असू शकते, हे लक्षात घ्या. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी व्होल्टेज मोजा. 12.6 ते 12.8 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे साधारण अर्धी, 12 च्या खाली असेल तर आधी चार्ज करा आणि मगच पुढचं काही तपासा. स्टार्टर मारताना 10 च्या फार खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.7. बॅटरी दुबळी असली की युनिटं एकमेकांशी नीट बोलत नाहीत आणि भलतेसलते इशारे लागतात. मी ज्या इशाऱ्यांवर पैसे घातले त्यातले निम्मे असेच खोटे होते.

स्कॅनर, म्हणजे युनिटांनी नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावताना चार्जर जोडलेला ठेवा, कारण इग्निशन चालू असताना या गाड्या बॅटरी भराभर खातात. हजार रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर इंजिनचे कोड दाखवतो. एबीएस, एअरबॅग, सस्पेन्शन यांच्यासाठी त्या कंपनीच्या गाड्या ओळखणारं साधन लागतं. कोड पुसण्याआधी सगळे वहीत लिहा. पी 0562 म्हणजे व्होल्टेज कमी. यू ने सुरू होणारे कोड म्हणजे युनिटांमधलं बोलणं तुटलं. एकाच वेळी वेगवेगळ्या चार युनिटांचे यू कोड दिसले तर चार युनिटं बिघडलेली नसतात. कुठेतरी वीज कमी पडतेय, अर्थिंग (वीज बॉडीतून बॅटरीकडे परत नेणारा जोड) गंजलंय किंवा पाणी आहे. फोम दाबून पाहिलात ना? दोन्ही बाजूंचा?

रात्रीत बॅटरी उतरत असेल तर मल्टिमीटर 10 अँपिअरच्या जागी लावून बॅटरीच्या निगेटिव्हच्या वाटेत जोडा. त्याआधी बॉनेटचं कुलूप स्क्रू-ड्रायव्हरने बंद करून ठेवा, म्हणजे बॉनेट बंद आहे असं गाडी समजेल. चावी घरात लांब ठेवा. मग थांबा. युनिटं झोपायला अर्धा तास, कधी जास्त लागतो. दहा मिनिटांत आकडा बघून घाबरू नका, मी घाबरलो होतो. झोपल्यावर साधारण 50 मिलिअँपिअरच्या आत हवं. जास्त असेल तर फ्यूज एकेक उपटत बसू नका. उपटून परत लावला की युनिट जागं होतं आणि पुन्हा अर्धा तास. त्याऐवजी फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन धातूच्या ठिपक्यांवर मिलिव्होल्ट मोजा. शून्य नसेल तिथून करंट जातोय. मीटर असा निगेटिव्हच्या वाटेत जोडलेला असताना स्टार्टर मारू नका.

अर्थिंगच्या पट्ट्या: इंजिन ते बॉडी, बॅटरी ते बॉडी. स्टार्टर मारताना दोन टोकांत 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर सोडवा, घासा, घट्ट बसवा. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ गाडी राहिली असेल तर मोजायच्या आधीच घासा. उंदीर: बॉनेटखाली लेंड्या दिसल्या तर वायरिंग इंचाइंचाने बघा.

फोम ओला निघाला तर सीट काढावी लागते, आणि इथे हयगय नको. आधी बॅटरीची निगेटिव्ह सोडवा, किमान दहा-पंधरा मिनिटं थांबा, मगच सीटखालचे कनेक्टर काढा. पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात. सीट बाहेर असताना इग्निशन अजिबात चालू करू नका. एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो पुसायला पुन्हा स्कॅनर. बॅटरी सोडवण्याआधी डिकी उघडी ठेवा, कारण काही गाड्यांत ती विजेशिवाय उघडत नाही. फोम उन्हात वाळायला दोन-तीन दिवस जातात. वरून वाळला म्हणून परत घालू नका, मधोमध दाबून बघा. युनिटचा कनेक्टर उघडा. हिरवट-पांढरी बुरशीसारखी गंज असेल तर क्लीनर आणि मऊ ब्रश. पिना खाल्लेल्या असतील तर युनिट दुरुस्तीला.

एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर उभी गाडी) असेल तर जॅक मोड, म्हणजे गाडीने आपणहून उंची बदलू नये अशी सोय, चालू करा आणि स्टँडशिवाय गाडीखाली जाऊ नका. कॉम्प्रेसर सारखा वाजत असेल तर हवा कुठे सुटतेय ते साबणाच्या पाण्याने शोधा, कॉम्प्रेसर नंतर.

बाकी वायपर, बेल्ट, कूलंट, एअर फिल्टर नेहमीसारखं. बॅटरी जोडल्यावर खिडक्या एकदा पूर्ण खाली-वर करून बटण धरून ठेवा, स्टीअरिंग दोन्ही टोकांना फिरवा, रेडिओचा कोड हाताशी ठेवा. नवी बॅटरी काही गाड्यांत स्कॅनरने गाडीच्या युनिटमध्ये नोंदवावी लागते, ते विचारून घ्या.

पट्ट्या आणि कार्पेट लगेच पक्कं बसवू नका. छतावर पाइपने दहा मिनिटं पाणी सोडा आणि पुन्हा हात घाला, फोमच्या खाली, पत्र्यापर्यंत. मग पहिला मोठा वळीव झाला की परत एकदा, दोन्ही बाजूंनी.