मुलांचा मोबाईल सुटत नाही? या चुका टाळा

मुलांच्या स्क्रीनचा नियम बहुतेक घरांत मिनिटांत ठरतो आणि मिनिटांवरूनच मोडतो. मर्यादा तशी स्पष्ट आहे. इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते: २ वर्षांखाली शून्य, नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल एवढाच अपवाद, २ ते ५ वर्षं दिवसाला जास्तीत जास्त १ तास, ५ ते १० वर्षं २ तासांपेक्षा कमी. आकडा पाठ असूनही घर अडतं, ते मोबाईल कोणत्या वेळी हातात येतो आणि कसा सुटतो यापाशी.

घास भरवायला मोबाईल

सगळ्यांत चिवट सवय हीच. व्हिडिओ चालू असला की मूल तोंड उघडतं, पण लक्ष ताटात नसल्याने पोट भरल्याचं त्याला उमगत नाही. काही मुलं जास्त खातात, काही घास गालात धरून बसतात. "उद्यापासून बंद" असं एकदम ठरवलं, तर तिसऱ्या दिवशी आजीच मोबाईल पुढे करते, कारण नातवंड उपाशी उठलेलं तिला बघवत नाही.

म्हणून एकाच जेवणापासून सुरुवात करा, ज्या वेळी भूक कडकडून लागते त्या. त्याआधी दोन-अडीच तास दूध, बिस्किटं, चिवडा काही नाही, पाणी चालेल. मुलाला सगळ्यांच्या पंगतीत बसवा, वरणभात थोडाच वाढा, हाताने खाऊ द्या, सांडलं तर सांडू द्या. पंचवीस-तीस मिनिटांनी ताट उचला. वाटी घेऊन मागे धावायचं नाही. पहिले तीन-चार दिवस जेवण कमी होईल. मूल खेळतंय, शू नेहमीसारखी होतेय, तोवर घाबरण्यासारखं काही नाही. वजन मुळातच कमी असेल किंवा मूल नुकतंच आजारातून उठलं असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारूनच हे करा. एका जेवणाची घडी आठवडाभर बसली की दुसरं घ्या.

हिसकावणं, आणि मग परत देणं

चालू कार्टून मधेच तोडलं की रडारड होणारच. शेवटच्या षटकात कुणी टीव्ही बंद केला तर मोठी माणसं काय करतात, ते आठवा. मिनिटांऐवजी भाग मोजा: "हे दोन, मग बंद." त्यासाठी आधी युट्यूबचं ऑटोप्ले बंद करायला हवं, नाहीतर दुसरा भाग संपायच्या आत तिसरा सुरू झालेला असतो. शॉर्ट्स आणि रील्सना शेवटच नसतो, तेव्हा लहान मुलांसाठी ते पूर्ण वगळा. शेवटचा भाग लागला की पुढे काय करायचं ते सांगा आणि ते तयार ठेवा: पायात चपला, हातात बॉल. बंद करायचं बटण मुलालाच दाबू द्या.

वीस मिनिटांच्या रडण्याला कंटाळून मोबाईल परत दिला, तर मूल एवढंच शिकतं की वीस मिनिटं रडावं लागतं. दुसऱ्या दिवशी ते तेवढं रडतंच. नियम नवा असताना रडणं आधी वाढतं आणि मग उतरतं. नेमकं वाढलेलं असताना माघार घेतली जाते. द्यायचाच असेल तर रडण्याआधी द्या.

लॉक चुकीच्या जागी

फॅमिली लिंक हे पालकांना मुलाच्या फोनवर मर्यादा लावू देणारं गुगलचं अ‍ॅप मुलाच्या स्वतःच्या गुगल खात्यावर चालतं. मूल आईचाच फोन वापरत असेल, तर त्याचा उपयोग नाही. अशा वेळी अँड्रॉइडच्या सुरक्षा सेटिंगमधलं, फोन एकाच अ‍ॅपवर अडकवून ठेवणारं अ‍ॅप पिनिंग चालू करा आणि बाहेर पडताना पिन विचारला जाईल असं निवडा. आयफोनवर हेच काम गाइडेड अ‍ॅक्सेस करतं, वेळेच्या मर्यादेसह. मोठ्या मुलाच्या फोनवर नुसती रोजची मर्यादा लावली, तर रात्री बारानंतर नवा दिवस आणि नवा कोटा सुरू होतो, तेव्हा झोपेची वेळ वेगळी लावा. अ‍ॅप बंद केलं तरी तेच व्हिडिओ ब्राउझरमध्ये दिसतात, हे दहा वर्षांच्या मुलाला तुमच्या आधी कळतं. पिन म्हणून वाढदिवसाची तारीख तर नकोच.

शाळेचा गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर येत असेल तर तो पालकांनी वहीत उतरवून द्यावा. "अभ्यासासाठी" हातात गेलेला फोन अभ्यासापाशी थांबत नाही.

डोळे आणि झोप

निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यावर खर्च करण्यापेक्षा मुलाला रोज दोन तास बाहेर उजेडात खेळू द्या. लांबचं अंधुक दिसण्याचा, म्हणजे मायनस नंबर लागण्याचा धोका त्याने कमी होतो. चष्म्याबद्दल तसं ठामपणे सांगता येत नाही. बघायचंच असेल तर हातातल्या मोबाईलपेक्षा लांबचा टीव्ही बरा. रात्री सगळ्यांचे चार्जर बैठकीच्या खोलीत ठेवा, झोपेच्या तासभर आधी फोन तिथे गेला पाहिजे. "अलार्मसाठी लागतो" या सबबीवर उपाय म्हणजे साधं गजराचं घड्याळ.

नियम फक्त मुलांना

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२च्या ऑगस्टपासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला आणि साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाईल बंद ठेवायचं ठरलं. त्यातली खरी मेख अशी की भोंगा साऱ्या गावासाठी वाजतो. घरातही असा एक तास ठरवा, पण त्यात बाबांच्या ऑफिसच्या मेसेजला सूट नको.

"मोबाईल बंद केला की बोलेल"

ही चूक सगळ्यांत महाग पडते. दीड वर्षाचं मूल एकही अर्थपूर्ण शब्द बोलत नसेल, दोन वर्षांचं "आई दे", "बाबा ये" असे दोन शब्द जोडत नसेल किंवा हाक मारल्यावर वळून बघत नसेल, तर मोबाईल बंद कराच, पण सहा महिने वाट पाहत बसू नका. त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कानांची तपासणी करून घ्या. ऐकू कमी येणारं मूलही चमकत्या चित्रांकडे तासन्‌तास बघत बसतं.