लग्नावरची फिल्म दोघांनी मिळून कशी करावी

लग्नाआधीचं शूटिंग आपल्या नाशकात भरपूर होतं. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला ड्रोन उडतात, जोडपी हातात हात घालून चालतात. लग्न झाल्यानंतरचं मात्र कुणी टिपत नाही. मला ते टिपायला हवं असं मनापासून वाटतं, आणि त्याला खर्चही फारसा नाही.

एकच गोष्ट सोडू नका: कॅमेरा दोघांच्या हातात फिरला पाहिजे. नवऱ्यानंच सगळं शूट केलं तर ती बायकोवरची फिल्म होते, लग्नावरची नाही.

हे मी स्टॅन ब्रॅखेज या अमेरिकन प्रयोगशील दिग्दर्शकाकडून घेतलं. जेनशी लग्न झाल्यावर त्यानं केलेली ‘वेडलॉक हाउस: ॲन इंटरकोर्स’ (१९५९) जेमतेम अकरा मिनिटांची, कृष्णधवल आणि पूर्ण मूक आहे. अंधारं घर, हलता उजेड, कॅमेरा कधी त्याच्याकडे, कधी तिच्याकडे. चेहरा उजळतो न उजळतो तोच नाहीसा होतो. शरीरसंबंधाची दृश्यं निगेटिव्हमध्ये, म्हणजे काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं अशी आहेत. त्याच वर्षीच्या ‘विंडो वॉटर बेबी मूव्हिंग’मध्ये पहिल्या मुलीचा जन्म आहे. तिथंही जेननं कॅमेरा घेऊन बाप झालेल्या नवऱ्याचा चेहरा टिपलाय. माझ्या मते अख्ख्या फिल्ममध्ये त्याला तोड नाही.

दोघांनी मिळून सिनेमा करणं आपल्याला परकं नाही. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकचे. ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई कच्च्या फिल्मला भोकं पाडत होत्या, आणि स्वयंपाकही त्याच बघत होत्या.

आता कामाला लागा. शूटिंगआधी फोनचा क्लाउड बॅकअप बंद करा. रात्री खोलीतले सगळे दिवे घालवा. आमचं घर पंचवटीतल्या जुन्या वाड्यात आहे, माजघरात दिवसाही अंधार असतो, त्यामुळे आम्हाला दुपारही चालते. फोन एकाकडे, टॉर्च दुसऱ्याकडे. टॉर्चवाल्यानं उजेड स्थिर धरायचा नाही. खांद्यावरून, भिंतीवरून, कपाळावरून सावकाश न्यायचा. स्क्रीनवर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर फोन आपणहून अंधार उजळवत बसतो आणि सगळं करडं दिसतं. थोड्या वेळानं अदलाबदल करा.

काय टिपायचं? रोजचंच. मच्छरदाणीचं चौथं टोक कोण बांधतं, थंडीत गोधडी कोणाकडे ओढली जाते, गॅसचं बटण बंद आहे का ते परत कोण बघून येतं. भांडण झालेली रात्र असेल तर तीही, पण दोघांची तयारी असेल तरच. माझ्या नवऱ्याला अबोल्यात कॅमेरा नको असतो, म्हणून आमच्याकडे तेव्हा फक्त हात दिसतात.

संकलन शेजारी बसून करा. आवाजाचा ट्रॅक काढून टाका. बोलणं राहिलं की बघणारा माणसांकडे बघायचं सोडून वाक्यं ऐकत बसतो. दोन शॉटच्या मध्ये थोडा काळा पडदा ठेवा. फार खासगी वाटेल तिथं एडिटिंग ॲपमध्ये कर्व्हची (उजेड-अंधार बदलणाऱ्या तिरक्या रेघेची) डावी कड वर आणि उजवी खाली ओढा, चित्र निगेटिव्ह होतं आणि चेहरा पटकन ओळखू येत नाही.

आणि नियम असा: कोणताही शॉट दोघांपैकी कुणीही, कारण न सांगता, काढून टाकू शकतो. मूळ फुटेजमधूनसुद्धा.