संगीत नाटकाचा सिनेमा कसा झाला? शोध घेताना या चुका टाळा

आवडत्या संगीत नाटकावर सिनेमा आला की चाहते आधी बदलांची यादी करायला बसतात. हे गाणं गेलं, ते नवं आलं, तो प्रवेश पुढे ढकलला, नायिका भलतीच घेतली. यादी करायला हरकत काहीच नाही. पण बहुतेकांचा शोध तिथेच संपतो आणि लगेच निकाल लागतो: 'मूळ नाटकाची वाट लावली' किंवा 'सिनेमाने सोनं केलं'. बदल करणाऱ्यापुढे नेमकी कुठली अडचण होती, हे क्वचितच कुणी विचारतं. माझ्या मते या विषयातली खरी मजा त्या अडचणींमध्ये आहे, आणि खालच्या बहुतेक चुका त्या न बघितल्यामुळेच होतात.

सिनेमा थेट नाटकातून आला, असं धरून चालणं

'द साउंड ऑफ म्युझिक' घ्या. १९५९ साली ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर नाटक, १९६५ साली सिनेमा. एवढ्यावर थांबलात तर अर्धी गोष्ट हातची गेली. ज्यांची ही गोष्ट, त्या मारिया फॉन ट्राप यांचं आत्मकथन १९४९ चं. त्यावर १९५६ मध्ये जर्मनीत एक सिनेमा निघाला आणि तो पाहून ब्रॉडवेच्या मंडळींना नाटकाची कल्पना सुचली. म्हणजे पुस्तक, सिनेमा, नाटक आणि मग पुन्हा सिनेमा. 'हेअरस्प्रे'ही असाच फिरून आला: १९८८ चा सिनेमा, २००२ चं नाटक, २००७ चा सिनेमा. 'द प्रोड्यूसर्स'चंही तेच, १९६७, २००१ आणि २००५.

'विकेड'बद्दल नेहमी विचारलं जातं की २००३ च्या नाटकावर सिनेमा काढायला स्टुडिओला २०२४ का उजाडावं लागलं? हा प्रश्नच उलटा आहे. मूळ कादंबरी १९९५ ची. तिचे हक्क युनिव्हर्सल स्टुडिओकडेच होते आणि तिथे सिनेमाचाच घाट घातला जात होता. संगीतकार स्टीफन श्वार्ट्झ यांनी ही गोष्ट आधी रंगभूमीवर यायला हवी हे गळी उतरवलं आणि युनिव्हर्सल नाटकाचा भागीदार झाला. स्टुडिओ पहिल्या दिवसापासून घरातच होता.

म्हणून तुलनेला बसण्याआधी सगळी वंशावळ कागदावर मांडा. स्टीव्हन स्पीलबर्ग यांची २०२१ ची 'वेस्ट साइड स्टोरी' १९६१ च्या सिनेमाशेजारी ठेवून मोजणारे पुष्कळ भेटतात. १९५७ चं नाटक मधे ठेवलं की त्यातल्या बऱ्याच बदलांचा उलगडा होतो.

आज पाहिलेल्या प्रयोगालाच 'मूळ' समजणं

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि ती लक्षातही येत नाही. 'कॅबरे' हे नाटक १९६६ चं. बॉब फॉसी यांनी १९७२ मध्ये त्यावर सिनेमा केला, तेव्हा 'माइन हेअर' आणि 'मनी, मनी' ही गाणी खास सिनेमासाठी लिहिली गेली. 'मेबी धिस टाइम' संगीतकार-गीतकार जोडीकडे आधीपासून तयार होतं, पण ते या नाटकातलं नव्हतं. पुढे १९९८ च्या ब्रॉडवेवरच्या नव्या निर्मितीत सिनेमातली गाणी रंगमंचावर आली. ती निर्मिती पाहून आलेला चाहता सिनेमा बघतो आणि म्हणतो, 'वा, गाणी तशीच ठेवलीत की!' प्रत्यक्षात ती सिनेमातून नाटकात गेली होती. 'ग्रीस'मध्येही हेच झालं. १९७८ च्या सिनेमासाठी रचलेली 'यू आर द वन दॅट आय वॉन्ट' आणि 'होपलेसली डिव्होटेड टू यू' ही गाणी २००७ च्या ब्रॉडवे प्रयोगात होती.

यावर उपाय म्हणजे पहिल्या नटसंचाची ध्वनिमुद्रिका शोधा आणि तिच्यावरची गाण्यांची यादी बघा. एक मात्र ध्यानात ठेवा. जुन्या तबकडीवर जेमतेम पाऊण-एक तासाचं संगीत मावायचं, त्यामुळे काही तुकडे मुळातच वगळले जात. तबकडीवर गाणं आहे म्हणजे ते नाटकात होतं, हे बहुतेक वेळा खरं ठरतं. नाही म्हणजे नाटकात नव्हतं, असं मात्र म्हणता येत नाही.

कापलेलं गाणं म्हणजे निव्वळ कात्री

रंगमंचावरची काही गाणी नेपथ्यासाठी जन्माला येतात. मागे सेट बदलायचा असतो, म्हणून पुढे पडदा टाकून दोघाचौघांचा हलकाफुलका प्रवेश आणि एखादं गाणं. सिनेमात एका चौकटीत घर आणि पुढच्या चौकटीत समुद्र. ते गाणं ज्या कामासाठी होतं ते कामच उरत नाही. कापलेलं गाणं दिसलं की आधी बघा, ते पडद्यापुढे म्हटलं जात होतं का?

दुसरी गोष्ट मध्यंतर. नाटकाची रचना मध्यंतराभोवती बेतलेली असते. 'द फँटम ऑफ द ऑपेरा'त (लंडन, १९८६) झुंबर कोसळतं ते पहिल्या अंकाच्या शेवटी, कारण प्रेक्षक त्या धक्क्यातच बाहेर जायला हवेत. २००४ च्या सिनेमाला तसं थांबायचं नव्हतं, म्हणून झुंबर शेवटच्या संघर्षापर्यंत टांगून ठेवलं. 'वेस्ट साइड स्टोरी'त तर दोन गाण्यांची अदलाबदल झाली. रंगमंचावर 'कूल' पहिल्या अंकात, हाणामारीच्या आधी येतं. पोलिसाची टवाळी करणारं 'जी, ऑफिसर क्रुपकी' येतं दुसऱ्या अंकात, दोन खून होऊन गेल्यावर ताण सैल करायला. १९६१ च्या सिनेमात टवाळी आधी आली आणि 'कूल' खुनांनंतर. मृत्यू जवळून पाहिल्यावर लगेच विनोद पचत नाही, आणि कॅमेरा सगळं जवळूनच दाखवतो.

तिसरी अडचण सगळ्यात अवघड: माणसं मुळात गातात कशासाठी? रंगमंचावर हे कुणी विचारत नाही. कॅमेऱ्यासमोर मात्र खऱ्याखुऱ्या रस्त्यावर कुणी अचानक तान घेतली तर प्रेक्षक चुळबुळतो. फॉसी यांनी 'कॅबरे'त जवळजवळ सगळी गाणी क्लबच्या मंचावरच ठेवली, अपवाद बिअरच्या बागेतल्या एका गाण्याचा. त्यामुळे घरमालकीण आणि फळविक्रेता यांची घरात म्हटली जाणारी गाणी गेली. ती वाईट होती म्हणून ती गेली नाहीत, सिनेमाने स्वतःला घालून घेतलेल्या नियमात बसेनात म्हणून गेली. 'शिकागो'च्या २००२ च्या सिनेमाने दुसरी वाट काढली. बहुतेक गाणी नायिकेच्या डोक्यात चालतात.

आपल्या 'कट्यार काळजात घुसली'ला ही अडचण जवळपास नव्हतीच. पात्रंच गवई, त्यामुळे गाणं का सुरू झालं हे सांगत बसावं लागत नाही. तिथली अडचण वेगळी. १९६७ च्या नाटकात रंगलेलं पद वाढवत नेता येई आणि वन्स मोअर आला तर पुन्हा घेता येई. सिनेमागृहात कितीही टाळ्या पडल्या तरी पडद्यावरच्या खाँसाहेबांना त्या ऐकू येत नाहीत. २०१५ च्या सिनेमात जितेंद्र अभिषेकींची पदं आणि शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी शेजारी-शेजारी आहेत. कुठलं गाणं कथा पुढे नेतं आणि कुठलं मैफल थांबवून ठेवतं, हे बघत पुन्हा एकदा पाहा.

शेवट बदलला की 'गल्ल्यासाठी नमले' म्हणणं

'लिटल शॉप ऑफ हॉरर्स' हे १९८२ चं नाटक. त्यात नरभक्षक झाड जिंकतं आणि नायक-नायिका त्याच्या पोटात जातात. दिग्दर्शक फ्रँक ऑझ यांनी १९८६ च्या सिनेमासाठी हाच शेवट चित्रित केला होता, तोही छोट्या प्रतिकृती उभारून, मोठ्या कष्टाने. चाचणी खेळांना प्रेक्षकांनी तो साफ नाकारला. मग सुखान्त नव्याने चित्रित करावा लागला.

ऑझ यांनी नंतर दिलेलं कारण फार नेमकं आहे. नाटकात मेलेले नट शेवटी वंदन करायला बाहेर येतात, प्रेक्षक हसत घरी जातो. सिनेमात मेलेला माणूस मेलेलाच राहतो. पडदा पडल्यानंतरचं ते अर्धं मिनिट संहितेत कुठेच लिहिलेलं नसतं, तरी नाटक त्याच्यावर उभं असतं. मूळ शेवट २०१२ मध्ये रंगीत, पूर्ण रूपात प्रसिद्ध झाला आहे. दोन्ही एकापाठोपाठ पाहा.

नवं गाणं म्हणजे पुरस्काराची हाव

यात तथ्य आहे, नाही असं नाही. सर्वोत्तम गाण्याचं ऑस्कर सिनेमासाठीच लिहिलेल्या गाण्याला मिळतं, नाटकातलं गाणं कितीही गाजलेलं असो. 'एव्हिटा'च्या १९९६ च्या सिनेमातल्या 'यू मस्ट लव्ह मी'ने ते पटकावलंच. पण सगळ्या नव्या गाण्यांना एकाच मापाने मोजू नका. गाणं येतं कुठे ते बघा. श्रेयनामावलीवर वाजत असेल तर संशय घ्यायला जागा आहे. 'द साउंड ऑफ म्युझिक'मधलं 'आय हॅव कॉन्फिडन्स' मारियाला मठातून कॅप्टनच्या घरापर्यंत चालवत नेतं. हा प्रवास रंगमंचावर दाखवायची सोय नव्हती, सिनेमात तो गाळणं वेडेपणाचं ठरलं असतं. गीतकार हॅमरस्टाइन १९६० मध्येच वारले होते, म्हणून सिनेमातल्या दोन नव्या गाण्यांना शब्दही संगीतकार रॉजर्स यांचेच आहेत.

'स्वतः गायला' की 'आवाज उसना', एवढंच विचारणं

पर्याय दोनपेक्षा जास्त आहेत. नट आधी ध्वनिमुद्रण करून चित्रीकरणात ओठ हलवतो, किंवा दुसऱ्याच्या आवाजावर हलवतो, किंवा कॅमेऱ्यासमोर थेट गातो. एकाच सिनेमात हे मिसळलेलंही असतं. 'माय फेअर लेडी'त (१९६४) ऑड्री हेपबर्न यांच्या बहुतेक गाण्यांना मार्नी निक्सन यांचा आवाज आहे. त्याच सिनेमात रेक्स हॅरिसन यांनी आधी ध्वनिमुद्रण करायला नकार दिला, कारण ते अर्धं बोलत अर्धं गात आणि दरवेळी वेगळं म्हणत. शेवटी बिनतारी मायक्रोफोन त्यांच्या टायमध्ये लपवला.

म्हणूनच २०१२ च्या 'ले मिझराब्ल'ने थेट गायनाची पहिलीच वेळ साधली, असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. त्यात नवीन होतं ते प्रमाण. जवळजवळ अख्खा सिनेमा थेट गायला गेला. नटांच्या कानात पियानो वाजत होता आणि वाद्यवृंद नंतर चढवला. ठेका नटाच्या हातात गेला, हा खरा फरक.

श्रेयनामावलीवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. निक्सन यांचं नाव त्या काळी पडद्यावर आलं नव्हतं. 'कट्यार'मध्ये मात्र सचिन पिळगावकरांच्या खाँसाहेबांना राहुल देशपांडे यांचा आवाज आहे हे उघड होतं, आणि ज्या वसंतरावांनी रंगमंचावर ती भूमिका गाजवली त्यांच्या नातवाचा तो आवाज, हे तर चाहत्यांना मुखोद्गत असतं.

चित्रित प्रयोगाला सिनेमा समजणं

'हॅमिल्टन' २०२० मध्ये घरोघरी पोचलं तो रिचर्ड रॉजर्स थिएटरमध्ये जून २०१६ ला टिपलेला नाटकाचा प्रयोग होता. नवी पटकथा नाही, बाहेरचं चित्रीकरण नाही. 'सिनेमात काहीच बदललं नाही' हे त्याचं कौतुकही होऊ शकत नाही आणि ती तक्रारही होऊ शकत नाही.

तारखा जुळत नाहीत म्हणून माहिती खोटी ठरवणं

'ले मिझराब्ल' कधीचं? पॅरिस १९८०, लंडन १९८५, ब्रॉडवे १९८७. तिन्ही बरोबर, पण सिनेमा निघाला तो लंडनमध्ये घडलेल्या इंग्रजी रूपावरून, त्यामुळे तुलनेला १९८५ धरा. 'एव्हिटा' १९७६ मध्ये आधी ध्वनिमुद्रिका म्हणून आलं, रंगमंचावर १९७८ मध्ये.

'सिनेमा आला म्हणजे नाटक बंद पडलं असणार' हाही एक लाडका समज आहे. 'माय फेअर लेडी'ला तो लागू पडतो, ब्रॉडवेवरचा प्रयोग १९६२ मध्ये थांबला आणि सिनेमा १९६४ चा. पण 'विकेड'चा पहिला सिनेमा आला तेव्हा नाटक ब्रॉडवेवर चालूच होतं. 'शिकागो'ची १९९६ ची निर्मिती तर २००२ चा सिनेमा येऊन सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर घेऊन गेल्यावरही थांबली नाही.