जहाजावर सुटा भाग बरोबर यावा म्हणून: इंडेंट भरायचा कसा

इंडेंट (जहाजाला लागणाऱ्या सुट्या भागांचं आणि सामानाचं मागणीपत्र) भरायचा असेल तर कॉम्प्युटरसमोर बसण्याआधी टॉर्च, चिंधी आणि मोबाइल घेऊन मशीनपाशी जा. नेमप्लेट शोधा. कधीतरी कुणीतरी तिच्यावरूनही रंगाचा ब्रश फिरवलेला असतो. तो रंग पुसून काढा आणि अक्षर न् अक्षर वाचता येईल असा फोटो घ्या: मेकर, टाइप, सिरियल नंबर, व्होल्टेज, हर्ट्झ. टँकरवर असाल तर मोबाइल कुठवर नेता येतो ते आधी विचारा.

मी अकरा वर्षं इंजिन रूममध्ये काढली, सेकंड इंजिनिअर म्हणून उतरलो आणि आता बेलापूरच्या ऑफिसात टेक्निकल पर्चेस बघतो. जहाजावर पहिल्यांदाच इंडेंट भरायची वेळ आलेल्या फोर्थ-थर्ड इंजिनिअरांसाठी हे लिहितोय. हल्ली सगळं सॉफ्टवेअरमध्ये आहे. मेंटेनन्सचं काम निघालं की त्यातूनच पार्ट निवडायचा, चीफ इंजिनिअरची मंजुरी, मग ऑफिस, मग सप्लायर. पण जहाजावरून जे लिहून येतं तेच पुढे सप्लायरपर्यंत जातं. चुकीचा नंबर तर विजेच्या वेगाने जातो.

मी हे एका प्युरिफायरवर, म्हणजे इंधन तेल गरगर फिरवून साफ करणाऱ्या मशीनवर, शिकलो. त्यातलं वर्म व्हील, म्हणजे मोटरचा फेरा पुढे पोचवणारं दातेरी चाक, झिजलं होतं. सिस्टममध्ये त्या मशीनच्या यादीत वर्म व्हील दोनदा होतं, नाव तेच, पार्ट नंबरात शेवटचे दोन आकडे वेगळे. मी वरची ओळ निवडली. पार्ट सिंगापूरच्या अँकरेजवर (नांगर टाकून थांबायच्या जागी) रात्री बार्जने (सामानाच्या बोटीने) आला, आम्ही सही केली आणि ऑस्ट्रेलियाकडे निघालो. दोन दिवसांनी फिटर मिस्त्रींनी जुनं चाक आणि नवं चाक बेंचवर शेजारी ठेवलं, एका दाताला खडूने खूण केली आणि बोटाने मोजत गेले. मग पुन्हा मोजले. "सेकंडसाब, दात सारखे नाहीत." आलेलं चाक ५० हर्ट्झच्या विजेसाठीचं होतं, आमच्या जहाजावरची वीज ६० हर्ट्झची, म्हणजे मोटर जास्त वेगाने फिरणारी. ते बसवलं असतं तर बाऊल (प्युरिफायरचं आतलं फिरणारं भांडं) ठरलेल्या वेगापेक्षा २० टक्के जास्त फिरला असता. इतक्या वेगात बाऊल फुटून माणसं जायबंदी होतात, मॅन्युअलमध्ये तशी स्पष्ट ताकीद असते. योग्य जोडी मिळेपर्यंत तीन आठवडे आम्ही एकाच प्युरिफायरवर जड तेल चालवलं, आणि प्रत्येक वॉचला (पाळीला) त्या आवाजाकडे कान लावून उभे राहिलो. जोडी म्हणतोय, कारण वर्म (त्या चाकात अडकणारा स्क्रूसारखा दांडा) आणि वर्म व्हील एकत्रच बदलायचं असतं. मी तर नुसतं चाकच मागवलं होतं.

म्हणून यादीतून ओळ निवडली तरी रिमार्कच्या रकान्यात मशीनचा टाइप, सिरियल नंबर, ड्रॉइंग नंबर, पोझिशन नंबर (ड्रॉइंगवर त्या भागाला दिलेला आकडा) आणि पार्ट नंबर हाताने लिहा. मॅन्युअलच्या त्या पानाचा फोटो जोडा, पार्टभोवती लाल गोल काढून. काढलेला जुना भाग हाताशी असेल तर पट्टी शेजारी ठेवून त्याचाही फोटो घ्या. ऑफिसात बसलेल्या माझ्यासारख्याला एवढ्यावरून यादीतली चूक पकडता येते. डेटाबेस बहुतेक वेळा जहाज बांधतानाच्या मॅन्युअलवरून भरलेला असतो. नंतर बदललेला पंप त्यात असेलच असं नाही.

दोर, रंग, हातमोजे, झाडू यांना इम्पाचे (जहाज-खरेदीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे) सहा आकडी कोड आहेत. पहिले दोन आकडे वस्तूचा वर्ग सांगतात: २१ म्हणजे दोर, २५ रंग, ३१ संरक्षक साहित्य, ८१ पॅकिंग आणि जॉइंटिंग. कोड लिहिला की सिंगापूरचा आणि रॉटरडॅमचा चँडलर (जहाजांना सामान पुरवणारा) एकाच वस्तूचा भाव देतो. मशीनच्या सुट्या भागांना हा कोड चालत नाही, तिथे मेकरचाच नंबर.

एककाकडे नीट पाहा. '६' लिहिलंत, पण सहा नग की सहा सेट? पिस्टन रिंगचा सेट म्हणजे एका पिस्टनच्या सगळ्या रिंगा. रंगाचे लिटर की डबे? दोराचे मीटर की कॉइल? मूरिंगच्या (जहाज धक्क्याला बांधायच्या) दोराची कॉइल साधारण २२० मीटरची असते, तेव्हा "२२० कॉइल" असा इंडेंट आला की आम्हाला फोन करावा लागतो. शिल्लक साठ्याचा आकडा स्टोअरमध्ये जाऊन मोजून भरा. रॅकवर बारकोड असला तरी स्कॅनरला रिकामा खोका आणि भरलेला खोका सारखाच दिसतो.

आणि सरसकट 'अर्जंट' लावू नका. खरोखर अडलं असेल तर तेच शब्दांत लिहा: "स्टँडबाय पंप बंद, दुसरा चालू, सुटा भाग शिल्लक नाही." असं वाक्य वाचलं की मी बाकीचं बाजूला ठेवतो.

ऑफिसची बाजू थोडक्यात सांगतो, म्हणजे उशीर कुठे होतो ते कळेल. भाव सहसा तीन सप्लायरांकडून मागवतो आणि वस्तूच्या किमतीत हवाई भाडं, कस्टम्सचं काम आणि अँकरेजवरच्या बोटीचा खर्च धरून तुलना करतो. कितीदा तरी बोटीचं भाडं पार्टपेक्षा जास्त निघतं. म्हणून छोट्या वस्तू एकत्र करून एकाच बंदरात पाठवतो. जहाज कुठे आहे ते एआयएसवर (जहाजाची जागा आपोआप प्रसारित करणाऱ्या यंत्रणेवर) दिसतं, पण तिथलं 'डेस्टिनेशन' आणि ईटीए (पोचायची अंदाजे वेळ) जहाजावरच हाताने भरलेलं असतं आणि अनेकदा जुनं असतं. माल कधी द्यायचा हे एजंटच्या ताज्या ईमेलवरूनच ठरवा. बंदर बदललं की कॅप्टनसाहेबांना सांगून त्याच दिवशी ऑफिसला कळवा.

रंग, स्प्रे, केमिकल, ईपर्बची (संकटात उपग्रहाला इशारा देणाऱ्या यंत्राची) लिथियम बॅटरी हे धोकादायक मालात येतं. विमानाने पाठवायचं तर वेगळं पॅकिंग, वेगळे कागद, आणि हे सगळीच विमानं घेत नाहीत. बॅटरीची मुदत संपायच्या चार महिने आधी मागवा.

आता ज्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते. २६ जून २०२५ पासून जहाजं सुरक्षितपणे तोडण्याबाबतचा आंतरराष्ट्रीय हाँगकाँग करार लागू झाला आहे. जहाजावर कोणकोणते घातक पदार्थ कुठे आहेत याची यादी बाळगायची आणि ती जहाज तोडायला जाईपर्यंत चालू ठेवायची. त्यासाठी लागू असलेल्या प्रत्येक खरेदीसोबत सप्लायरकडून मटेरियल डिक्लरेशन (वस्तूत कोणते घातक पदार्थ आहेत त्याचा कागद) आणि अनुरूपतेचं घोषणापत्र (ती माहिती बरोबर असल्याची सप्लायरची हमी) घ्यावं लागतं. ऑर्डर देतानाच मागा. पैसे चुकते झाल्यावर ते कागद मिळवणं फार अवघड जातं. गॅस्केट आणि पॅकिंगच्या बाबतीत तर मुळीच सोडू नका. जहाजांवर नव्याने ॲस्बेस्टॉस बसवायला १ जानेवारी २०११ पासून पूर्ण बंदी आहे, तरी काही ठिकाणच्या बाजारात ॲस्बेस्टॉसचं गॅस्केट अजून मिळतं. ते हाताने कापणारा मोटरमन (इंजिन रूममधला खलाशी) त्याची धूळ छातीत घेतो, आणि शेवटी गुजरातमधल्या अलंगच्या किनाऱ्यावर तेच जहाज तोडणारा कामगारही. हा कागद त्या दोघांसाठी आहे.

सप्लायरचं बँक खातं बदलल्याचा ईमेल आला, तर उत्तर द्यायच्या आधी जुन्या नंबरावर फोन करा. ईमेलमध्ये दिलेल्या नंबरावर करू नका.

माल आला की गँगवेवरच (जहाजावर चढायच्या शिडीपाशीच) खोक्यांवरचं जहाजाचं नाव, ऑर्डर नंबर आणि नग तपासा. बार्जवाला घाईत असतो. मोजायला वेळ नसेल तर सही करताना डिलिव्हरी नोटवर "मोजणी बाकी" असं इंग्रजीत स्पष्ट लिहा आणि त्या कागदाचा फोटो ठेवा. महत्त्वाचा पार्ट मात्र बार्ज सुटायच्या आत उघडा, नंबर ऑर्डरशी ताडून बघा, जुन्याशेजारी ठेवा, दात किंवा भोकं मोजा. मगच सिस्टममध्ये 'मिळाला' करा. खोक्यावर मशीनचं नाव आणि रॅकचा नंबर जाड मार्करने लिहा. तुमच्यानंतर येणारा रात्री दोन वाजता टॉर्चच्या उजेडात तो शोधणार आहे.